मल्ल, वस्ताद आणि वैद्य

(नभोवाणीवरील भाषण)



शालान्त परीक्षा उतरलेली मुले आणि त्यांचे पालक अलीकडे एक निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत. मुलाला खेळाचे विलक्षण वेड असते. परंतु देशाच्या संघात जागा मिळण्याइतकी आपली गती नाही, हेही त्याला एव्हाना कळून चुकलेले असते. मग त्याने खेळाडूंच्या शरीराची निगा राखण्याची विद्या शिकावी काय? या विद्येला हल्ली क्रीडावैद्यक म्हणतात आणि तिच्यातील माणसांना ट्रेनर, फिजिओथेरपिस्ट, स्पोर्ट्स डॉक्टर अशी नावे आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना हा धंदा म्हणजे मालीशवाल्याला दिलेले साहेबी नाव वाटते, आणि मुलाला तो कालपरवा जन्मलेला वाटतो. इतिहास या दोघांच्याही बाजूचा नाही. हा व्यवसाय सुमारे अडीच हजार वर्षांचा आहे, आणि उगमापासूनच एक प्रश्न त्याच्या पाठीस लागलेला आहे. खेळाडू जायबंदी झाला आहे, प्रेक्षक ओरडत आहेत, ज्याने पैसा घातला तो घाई करीत आहे, आणि खुद्द खेळाडूही ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणत आहे. अशा वेळी ‘आज तू उतरायचे नाहीस’ हे शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाचा? या अधिकाराचीच कथा आज मी आपणांस सांगणार आहे.

प्रारंभ ग्रीस देशापासून करावयास हवा. ऑलिंपिया येथील सामन्यांचा आरंभ परंपरेने ख्रिस्तपूर्व ७७६ या वर्षी झाला असे मानतात. पुढील काही शतकांत तेथील तालमींमध्ये तीन प्रकारची माणसे दिसू लागली. मुलांना डावपेच शिकविणारा तो पैदोत्रिबेस. अंगाला तेल लावून मर्दन करणारा तो आलेप्तेस. आणि आहार, विश्रांती व व्यायाम यांचे मान ठरविणारा तो गिम्नास्तेस. आपल्या आखाड्यातील वस्ताद ही तिन्ही कामे एकटाच करीत आला आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात सेलिंब्रिया गावी हेरोडिकस नावाचा एक तालीमशिक्षक होऊन गेला. तो स्वतः प्रकृतीने दुर्बळ होता. दुखणे हटेना तेव्हा त्याने व्यायाम आणि वैद्यक यांची सांगड घातली, आणि चालणे, मर्दन व नियमित आहार यांवर आपला देह सांभाळला. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ ग्रंथात त्याची यथेच्छ टर उडविली आहे. या गृहस्थाने प्रथम स्वतःला आणि मग इतरांना छळले, व आपले मरण उगाच लांबवीत म्हातारपणापर्यंत ओढत नेले, असा त्या टीकेचा आशय. प्लेटो मोठा तत्त्वज्ञ खरा. पण माणसाला म्हातारपणापर्यंत पोचविणे हा वैद्याचा दोष कसा होतो, हे निदान माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाला उमगत नाही.

याहून बोधक हकीकत इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील लेखक फिलोस्ट्रेटस याने व्यायामविद्येवरील आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. त्या काळी ग्रीक तालमींत चार दिवसांच्या चक्राचे मोठे प्रस्थ होते. पहिल्या दिवशी शरीर तयार करावयाचे, दुसऱ्या दिवशी शक्ती पणाला लावावयाची, तिसऱ्या दिवशी सैल सोडावयाचे आणि चौथ्या दिवशी मध्यम श्रम करावयाचे. योजना कागदावर सुंदर दिसते. गेरेनस नावाचा मल्ल ऑलिंपियात विजयी झाला. मित्रांनी मेजवान्या दिल्या. खाणेपिणे झाले, जागरणे झाली. त्यानंतर तो तालमीत आला आणि आपले अंग ठीक नाही, असे त्याने शिक्षकास सांगितले. शिक्षकाला राग आला तो चक्र मोडल्याचा! त्याने त्या थकलेल्या देहाकडून ठरलेला व्यायाम करवून घेतला, आणि त्या व्यायामातच गेरेनसला मरण आले. समोरच्या माणसापेक्षा वेळापत्रक मोठे मानणारे शिक्षक त्यापूर्वी झाले असतील, त्यानंतरही झाले आहेत. पण त्याची लेखी नोंद झालेली जुनी घटना म्हणून ही मला महत्त्वाची वाटते.

आता या कथेतील सर्वांत मोठ्या पुरुषाकडे येऊ. आजच्या तुर्कस्तानात बर्गामा नावाचे शहर आहे. त्याचे प्राचीन नाव पर्गामम. तेथील गालेन हा तरुण वैद्य स्मर्ना, कोरिंथ आणि अलेक्झांड्रिया येथे विद्या संपादून घरी परतला, तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठावीस होते. इसवी सन १५७ च्या सुमारास तेथील मुख्य धर्माधिकाऱ्याने त्याला एक नेमणूक दिली. ती होती ग्लॅडिएटरांच्या वैद्याची, म्हणजे रिंगणात शस्त्रे घेऊन एकमेकांशी झुंजणाऱ्या लढवय्यांच्या वैद्याची. सुमारे चार वर्षे त्याने हे काम केले. पुढे तो रोमला गेला, सम्राट मार्कस ऑरेलियस याचा वैद्य झाला, आणि त्याचे ग्रंथ युरोपात व अरबी जगात हजार-बाराशे वर्षे प्रमाण मानले गेले. एवढ्या मोठ्या कीर्तीचा पाया मात्र जायबंदी झुंजारांच्या शुश्रूषेत घातला गेला होता. उघडे पडलेले स्नायू आणि तुटलेले कंडरे त्याने तेथे पाहिले, जखमांवर तुरट मद्यात भिजविलेली कापडे ठेवली आणि ती कोरडी पडणार नाहीत याची काळजी घेतली. आपल्या कारकिर्दीत पूर्वीच्या मानाने फारच थोडे झुंजार दगावले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आत्मस्तुतीत गालेन कधी मागे राहिला नाही, तेव्हा त्या विधानातून थोडी सूट वजा करूनच ते स्वीकारावे.

त्याची दृष्टी औषधाबरोबर अन्नाकडेही होती. हे लढवय्ये रोज जव आणि वालासारख्या कडधान्यांची पेज खातात, त्यामुळे त्यांचे मांस घट्ट न होता फोपसे होते, अशी त्याची तक्रार आहे. गंमत अशी की, इफेसस येथे १९९३ साली ग्लॅडिएटरांचे दफनस्थान सापडले, आणि तेथील हाडांच्या रासायनिक परीक्षणावरून त्यांचा आहार मुख्यतः धान्य-कडधान्याचाच होता असे दिसून आले. मांस खाऊन मस्तवाल झालेले झुंजार ही आपली कल्पना चित्रपटांनी रुजविली आहे. गालेनचा शब्द मात्र अठराशे वर्षांनी खरा ठरला.

तथापि एक गोष्ट दृष्टीआड करू नये. हे झुंजार बहुतेक गुलाम होते. त्यांची शुश्रूषा होई ती मालकाचे भांडवल बुडू नये म्हणून. गालेनने आपली विद्या प्रामाणिकपणे वापरली यात शंका नाही. परंतु बरा केलेला माणूस पुन्हा त्याच रिंगणात जाणार, आणि त्याला जाऊ नको म्हणण्याचा अधिकार वैद्याला नाही, ही त्या नोकरीची मर्यादा होती. धंदेवाईक मल्लांना अन्न आणि झोप ठासून वाढविणाऱ्या शिक्षकांवर पुढे त्याने जी कडवट टीका केली, तिच्या मुळाशी हा अनुभव असावा असे मला वाटते.

आता आपल्या देशाकडे वळू. सुश्रुतसंहितेत व्यायामाची थोरवी सांगताना एक मर्यादाही घालून दिली आहे: मनुष्याने आपल्या अर्ध्या बळापर्यंतच व्यायाम करावा. अर्धे बळ ओळखावे कसे? व्यायाम करता करता श्वास तोंडावाटे येऊ लागला की ती खूण समजावी. ही मर्यादा ओलांडणाऱ्यास खोकला, ज्वर, तहान, क्षय, रक्तपित्त इत्यादी विकार जडतात असेही तेथे सांगितले आहे. आणि अतिरेक करणाऱ्यास वाग्भटाने हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. आजच्या शरीरशास्त्रज्ञाला हे मोजमाप ढोबळ वाटेल, आणि शर्यतीच्या खेळाडूचे अर्ध्या बळावर भागणारही नाही. परंतु धावताना बोलता येते की नाही यावरून श्रमाची पातळी ठरविण्याची युक्ती आजचे शिक्षकही सांगतात, आणि ती याच जातीची आहे.

त्याच ग्रंथात मोडलेल्या हाडांचे आणि निखळलेल्या सांध्यांचे प्रकरण आहे, ते तर प्रत्येक व्यायामशिक्षकाने वाचावे अशा योग्यतेचे आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. मोडलेल्या अवयवाला आधार देण्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या वापरावयाच्या. पट्टी किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी हे ऋतूवर अवलंबून: थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही, आवळून बांधली तर सूज येते, हाही इशारा दिलेला आहे. पण मला सर्वांत आश्चर्य वाटते ते तळहाताच्या दुखापतीनंतरच्या उपचाराचे. हाड सांधले म्हणजे काम संपले असे सुश्रुत मानीत नाही. प्रथम रुग्णाने हातात मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा धरावा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा. हलक्यापासून जडापर्यंत, मऊपासून कठीणापर्यंत! आज फिजिओथेरपीच्या दालनात रबराचे मऊ आणि कठीण चेंडू क्रमाने रुग्णाच्या मुठीत दिले जातात, तेव्हा त्यामागील विचार हाच असतो.

राजदरबारातील मल्लविद्येचे चित्र पाहावयाचे तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ उघडावा. इसवी सन ११३१ च्या सुमाराचा हा ग्रंथ. त्यात मल्लविनोद हे स्वतंत्र प्रकरण असून मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार आणि त्यांचे व्यायाम यांचे वर्णन आहे. भारश्रम म्हणजे वजन उचलणे, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, सलिलश्रम म्हणजे पाण्यातील व्यायाम आणि स्तंभश्रम म्हणजे खांबावरील व्यायाम, असे प्रकार त्यात नोंदले आहेत. या शेवटच्या प्रकारात आपल्या मल्लखांबाचे पूर्वरूप अभ्यासक पाहतात. मल्लाचा सारा खर्च राजाकडे होता आणि झुंज हा राजाचा विनोद होता. म्हणजे पर्गामम आणि कल्याणी यांच्यात या बाबतीत फारसे अंतर नव्हते.

यापुढे एक खेदाची गोष्ट घडली, असे माझे मत आहे. शास्त्र पोथीत राहिले आणि अनुभव आखाड्यात राहिला. दोघांची भेट क्वचितच झाली. तांबड्या मातीत तेल, ताक, हळद घालून हौद कसा राखावा, नव्या पोराला जोर-बैठका किती द्याव्यात, कोणाचा खुराक कधी वाढवावा, हे वस्तादाला तोंडपाठ होते. निखळलेला खांदा बसविणारे हाडवैद्य गावोगाव होते, आणि आंबेहळदीचा लेप घरोघर होता. परंतु हे ज्ञान लिहिले जात नव्हते, आणि जे लिहिले जात नाही ते तपासलेही जात नाही. मी शाळेत शिकवीत असताना आंतरशालेय खो-खोच्या सामन्यांत एक दृश्य अनेकदा पाहिले आहे. मुलाचा पाय मुरगळावा, लगेच कोणीतरी गरम तेलाने तो जोरजोराने चोळावा, आणि दुसऱ्या डावाला पोराला पुन्हा पाटीवर बसवावे! चोळणाऱ्याच्या मायेविषयी शंका नको. पण ताज्या दुखापतीला शेकू नये, चोळू नये. तिला विश्रांती आणि थंडावा द्यावा, पट्टी बांधावी, पाय उंच ठेवावा, एवढे साधे ज्ञानही त्या मायेच्या जोडीला नव्हते.

ही दरी बुजविण्याचे प्रयत्न मराठी माणसांनी केले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्राध्यापक माणिकराव यांनी मल्लविद्येबरोबर अस्थिसंधानाची विद्याही चालविली; त्यांच्याकडे मोडलेले हातपाय घेऊन दूरदूरची माणसे येत. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच पुढील स्वामी कुवलयानंद. श्वास आणि आसने यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे क्ष-किरणांच्या आणि दाबमापकांच्या साह्याने पाहण्याचा उपक्रम त्यांनी आरंभिला, १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. परंपरेने सांगितले म्हणून ते खरे, किंवा परंपरेने सांगितले म्हणूनच ते खोटे, ही दोन्ही टोके त्यांनी टाळली. बडोद्यासच आबासाहेब मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले. आखाड्यातील तोंडी विद्या कागदावर उतरविण्याचे एवढे मोठे काम आपल्या भाषेत दुसरे झालेले मला ठाऊक नाही.

याच सुमारास पश्चिमेकडे काय चालले होते? १८९६ साली अथेन्सला ऑलिंपिक सामन्यांचे पुनरुज्जीवन झाले होते, आणि राष्ट्राराष्ट्रांत चढाओढ लागली होती. १९०४ सालचे सामने अमेरिकेतील सेंट लुइस येथे झाले. ऑगस्टची ३० तारीख, दुपारचे कडक ऊन, धुळीने भरलेला रस्ता आणि मॅरेथॉनची शर्यत. वाटेत पिण्याच्या पाण्याची सोय जवळजवळ नव्हती. ती मुद्दामच कमी ठेवली होती, कारण पाण्यावाचून शरीराचे काय होते हे व्यवस्थापकांना पाहावयाचे होते. थॉमस हिक्स हा धावपटू आघाडीवर असताना पाण्यासाठी व्याकुळ झाला, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याला पाणी नाकारले आणि फक्त ओल्या स्पंजने तोंड पुसले. पुढे त्याचे पाय लटपटू लागले तेव्हा त्यांनी त्याला अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यातून स्ट्रिक्नीन दिले. हे कुचल्यातील विष होय! नंतर आणखी एक मात्रा, आणि वर ब्रँडी. हिक्स भ्रमिष्टासारखा चालत, धावत, सोबत्यांच्या आधाराने शेवटाला पोचला. डॉक्टरांनी धावपळ करून त्याला वाचविले. आणि सुवर्णपदक त्यालाच मिळाले. त्याच्या सोबत्यांपैकी चार्ल्स ल्यूकस याने या सामन्यांवर पुस्तक लिहिले, त्यात त्याने खेद तर नाहीच, उलट अशा शर्यतीत औषधांचा धावपटूस मोठा उपयोग होतो हे सिद्ध झाले, असा निष्कर्ष काढला. गेरेनसचा शिक्षक रागावला होता. हे गृहस्थ तर प्रसन्न होते.

पण त्याच देशात दुसरा प्रवाहही लगेच दिसतो. १९०५ च्या हंगामात हार्वर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाबरोबर एडवर्ड निकोल्स आणि होमर स्मिथ हे डॉक्टर होते. त्यांनी प्रत्येक इजा टिपून ठेवली व १९०६ साली ती माहिती बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. एका हंगामात, एका संघात, शंभराहून अधिक इजा! त्यांतही डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसण्याकडे त्यांनी विशेष लक्ष वेधले. खेळाडू ही इजा हसण्यावारी नेत. कित्येकदा खेळ चालूच राही, आणि सोबत्याला खुणा आठवत नाहीत हे इतरांच्या लक्षात आल्यावर प्रकार उघडकीस येई. नुसती नोंद ठेवणे यालाही केवढे मोल असते, हे या लेखावरून कळते. त्याच्या मागोमाग इलिनॉय विद्यापीठात वैद्यकाचा विद्यार्थी असलेला सॅम्युएल बिलिक खेळाडूंच्या शुश्रूषेचे काम करू लागला. त्याने लिहिलेले पुस्तक पुढे या व्यवसायाची गीता मानले गेले. १९५० साली कॅन्सस सिटी येथे अमेरिकेतील ट्रेनरांनी आपली राष्ट्रीय संघटना उभारली, आणि १९९० साली तेथील वैद्यकीय महासंघाने या व्यवसायाला आरोग्यसेवेचे अंग म्हणून मान्यता दिली. बादली आणि स्पंज घेऊन धावणाऱ्या माणसाला वैद्याच्या पंक्तीस बसण्यासाठी एवढी वर्षे लागली. युरोपातील डॉक्टर मात्र आधीच एकत्र आले होते: फेब्रुवारी १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी सामन्यांच्या वेळी ११ राष्ट्रांतील ३३ डॉक्टरांनी आंतरराष्ट्रीय संघटनेचा पाया घातला, आणि त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमला पहिली परिषद भरली.

या संघटना उभ्या राहिल्या तरी त्यांचा लाभ सर्व देशांच्या खेळाडूंना मिळत होता असे समजू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते कसे, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक ठरले. परंतु त्या पदकामागची एक हकीकत तितकीशी सांगितली जात नाही. जपानच्या शोहाची इशीशी प्रदीर्घ झुंज दिल्यावर त्यांना लगेच रशियाच्या ममेदबेकोव्हशी लढावयास उभे केले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून ‘आमचा मल्ल आत्ता उतरणार नाही’ असे ठणकावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. घर गहाण टाकणारा प्राचार्य आपल्याकडे निपजला, ही मोठीच गोष्ट. पण मल्लासोबत त्याच्या शरीराचा कैवार घेणारे माणूस पाठवावे लागते, हे मात्र त्या काळी आपल्या ध्यानीमनी नव्हते.

या विद्येची दुसरी, अधिक सुखद बाजूही आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी युद्धात कण्याला इजा झालेल्या सैनिकांना उपचार म्हणून खेळावयास लावले, आणि १९४८ साली लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी १६ अपंग स्त्रीपुरुषांचे तिरंदाजीचे सामने भरविले. त्यांतूनच पॅरालिंपिकचा वृक्ष वाढला. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या शरीरात गोळ्या शिरल्या व ते अपंग झाले. उपचारासाठी ते पोहू लागले, आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. येथे खेळच औषध झाला.

उत्तेजक द्रव्यांचा काळाकुट्ट अध्याय मी थोडक्यात आटोपतो. १९६७ साली टूर द फ्रान्सच्या सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन हा इंग्रज स्वार व्हाँतू पर्वताच्या चढावर कोसळून मरण पावला, आणि त्याच्या शरीरात अँफेटामीन सापडले. त्यानंतर १९६८ च्या ऑलिंपिकपासून चाचण्या सुरू झाल्या आणि १९९९ साली जागतिक उत्तेजकविरोधी संस्था जन्मास आली. कुस्तीप्रिय महाराष्ट्राने मात्र आणखी एक घटना ध्यानात ठेवावी. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अवघ्या ३३ दिवसांत तीन महाविद्यालयीन मल्ल मरण पावले. त्यांनी विष घेतले नव्हते. खालच्या वजनगटात बसण्यासाठी रबरी पोशाख घालून, उष्ण खोलीत व्यायाम करून त्यांनी अंगातले पाणी घालविले होते. तेव्हा तेथे रबरी पोशाखांना बंदी झाली आणि वजन कुस्तीच्या वेळेच्या जवळ घेतले जाऊ लागले. तरी वजन उतरविण्याची ही ओढ संपलेली नाही. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी अवघ्या शंभर ग्रॅमने जड भरली. आदल्या रात्रभर तिने आणि तिच्याबरोबरच्या मंडळींनी केलेले प्रयत्न व्यर्थ गेले, आणि तिला बाद ठरविण्यात आले. त्या रात्री तिच्यासोबत डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. खाशाबांच्या वेळी माणूस नव्हता. या वेळी माणसे होती, पण ती काट्याशी झुंजत होती. यात दोष कोणाचा हे येथे ठरवावयाचे नाही. एवढे मात्र खरे की, शरीर अमुक वजनात बसवावयाचे की नाही हा निर्णय स्पर्धेच्या रात्री होत नसतो. तो कित्येक महिने आधी, शांतपणे, व्हावा लागतो.

आता, ज्यांना या मार्गाने जावयाचे आहे त्यांच्यासाठी वाटेची दोन शब्दांत ओळख. भारतात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण १९५३ च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. मुंबईतील पोलिओच्या साथीने तिची निकड दाखवून दिली होती. त्याआधी १९५० साली त्याच रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा काढली होती. १९६१ साली पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडासंस्था स्थापन झाली. पुढे तेथे क्रीडावैद्यकाचेही शिक्षण मिळू लागले. आज दोन दारे उघडी आहेत. एक, वैद्यकीय पदवी घेऊन त्यापुढे क्रीडावैद्यकाचा अभ्यास. दुसरे, शास्त्रशाखेतून फिजिओथेरपीचा चार-पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आणि त्यापुढे खेळाची शाखा. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगही आला आहे, त्यामुळे चार आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर दुकान मांडणाऱ्यांपासून पालकांनी मुलांना दूर ठेवावे.

हे काम कॅमेऱ्यापुढे दोन मिनिटे दिसते. बाकीचे सारे पडद्याआड चालते. पहाटे घोट्यांना पट्ट्या बांधणे, कोणी किती षटके टाकली याचा हिशेब ठेवणे, प्रवासात कोणाची झोप झाली नाही हे ओळखणे, शस्त्रक्रियेनंतर सहा-सहा महिने एकच गुडघा रोज थोडा थोडा वाकविणे. हे ज्याला कंटाळवाणे वाटते त्याने या वाटेस जाऊ नये. आणि पगार देणारा संघ असतो, संघाला जय हवा असतो. गालेनचा मालक आजही निराळ्या वेषात तेथे बसलेला आहे. म्हणून विद्येबरोबर छातीही लागते.

मात्र नियमांनी त्या छातीला आता आधार दिला आहे. ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये, डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी सामनाधिकाऱ्याच्या संमतीने बदली खेळाडू घेता येऊ लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथ ८० धावांवर होता. तो मैदानाबाहेर गेला, तपासणीत उत्तीर्ण झाला, पाऊण तासाने परत आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अस्वस्थ वाटू लागले, म्हणून पुन्हा तपासणी झाली. सामना रंगात होता, मालिका प्रतिष्ठेची होती, आणि संघातील सर्वांत भरवशाचा फलंदाज तोच होता. संघाच्या डॉक्टराने त्याला बसविले. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन हा फारसा नाव नसलेला तरुण उतरला. कसोटी क्रिकेटच्या इतिहासातील अशा प्रकारचा तो पहिला बदली खेळाडू. त्यालाही आरंभीच आर्चरचा एक चेंडू शिरस्त्राणाच्या जाळीवर लागला. तो उठला, डॉक्टरांनी त्याला तपासले आणि खेळू दिले, आणि त्याने ५९ धावा काढल्या. पुढील कसोटीतही स्मिथला खेळू दिले नाही. चौथ्या कसोटीस तो परतला, आणि त्याने द्विशतक झळकाविले.